गावाच्या, तालुक्याच्या वारशावरचं पुस्तक आणि प्रकाशन अनुदान: कोणत्या क्रमाने काय करायचं

दरवर्षी जानेवारी उजाडला की मला ठरावीक फोन येतात. "ताई, पुस्तक छापून झालंय, पाचशे प्रती माळ्यावर आहेत. आता अनुदान कुठून मिळेल?" उत्तर ऐकून पलीकडचा माणूस गप्प होतो, कारण प्रकाशन अनुदान बहुतेक ठिकाणी न छापलेल्या हस्तलिखितासाठी असतं. छापलेल्या पुस्तकाला पुरस्कार मिळू शकतो, ग्रंथालयांची खरेदी मिळू शकते. अनुदानाची वेळ मात्र टळलेली असते.

बारव (पायऱ्यांची विहीर), वीरगळ (वीराच्या स्मरणाची शिळा), गावची दैवतं, जात्यावरच्या ओव्या, एखाद्या घराण्याची मोडी कागदपत्रं अशा विषयांवर लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त शिक्षक, वकील, तलाठी, नाहीतर उत्साही मंडळं असतात. अभ्यास चांगला असतो, अडतं ते क्रमात. तो क्रम पुढे दिला आहे.

## टप्पा १: कसले पैसे मागायचे ते आधी ठरवा

एकाच 'अनुदान' शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी मागितल्या जातात.

पहिली, संशोधनासाठी पाठ्यवृत्ती, म्हणजे फेलोशिप. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या ज्येष्ठ आणि कनिष्ठ पाठ्यवृत्ती या प्रकारच्या आहेत. हे पैसे अभ्यासासाठी असतात, छपाईचं बिल त्यात बसत नाही. दुसरी, खरं प्रकाशन अनुदान, म्हणजे तयार हस्तलिखित छापायला मदत. तिसरी, संस्थेने स्वतः पुस्तक काढणं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्वतः ग्रंथ प्रकाशित करतं. तिथे तुम्ही लेखक असता, प्रकाशक नसता, आणि विक्रीची किंमतही तुमच्या हातात नसते. चौथी, छापून झाल्यावरची खरेदी. राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान किंवा राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी हा मार्ग छपाईनंतर सुरू होतो.

आता दारं. विषय इतिहासाचा असेल, तळटीपा आणि साधनं भक्कम असतील, तर दिल्लीची भारतीय इतिहास संशोधन परिषद. ती संशोधनग्रंथ आणि प्रबंध यांच्या प्रकाशनाला मदत करते. पीएच.डी.चा प्रबंध समाजशास्त्राच्या अंगाने असेल तर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. गोव्यातल्या लेखकांनी पणजीच्या कला आणि संस्कृती संचालनालयाकडे आणि तिथल्या मराठी अकादमीकडे चौकशी करावी. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पुष्कळांना ऐकून माहीत असते, पण ती पहिल्या पुस्तकासाठी आहे आणि तिचा रोख कविता, कथा, कादंबरी अशा साहित्यप्रकारांवर आहे. तुमचं ताम्रपटांवरचं पुस्तक त्यात बसतं का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत शब्दशः वाचून मगच अर्ज भरा.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) निधीचा विचार फार कमी लोक करतात. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचं जतन हा विषय आहे. मात्र हा पैसा व्यक्तीला मिळत नाही. नोंदणीकृत संस्था लागते, आणि तिने सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी केलेली असावी लागते. तुमच्या तालुक्यात जुनं वाचनालय किंवा शिक्षण संस्था असेल तर पुस्तक तिच्यामार्फत काढायचा विचार आत्ताच करा, मंजुरीच्या आदल्या आठवड्यात नको.

तपासणी: योजनेचं चालू वर्षाचं माहितीपत्रक छापून घ्या आणि पेन घेऊन बसा. अर्जदार व्यक्ती की संस्था, भाषा कोणती, पहिलं पुस्तक की कोणतंही, कमाल रक्कम, शेवटची तारीख या पाच ठिकाणी खूण करा. गेल्या वर्षीच्या पत्रकावर विसंबू नका, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पत्रकावर तर मुळीच नको.

## टप्पा २: हस्तलिखित गोठवा

"अजून दोन प्रकरणं लिहायची आहेत, पण अर्ज टाकून ठेवतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर चिडतही नाही. परीक्षक हस्तलिखित वाचतात. त्यांनी वाचलेलं आणि तुम्ही छापलेलं वेगळं निघालं तर शेवटचा हप्ता अडकतो.

गोठवण्याआधी तीन गोष्टी करायच्या.

तारखा एका पद्धतीत आणा. स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात परीक्षकाचं बोट पहिल्यांदा इथे पडतं. एका पानावर शके, दुसऱ्यावर इसवी, तिसऱ्यावर फसली, आणि रूपांतर कुठेच नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १५९६ चा ज्येष्ठ १६७४ मध्ये येतो, त्याच शकातला माघ मात्र १६७५ मध्ये. फसली या जुन्या महसुली सनात साधारण ५९० आणि मराठेशाहीच्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. मूळ कागदावरची तारीख जशीच्या तशी द्या, शेजारी कंसात इसवी द्या, आणि ही पद्धत प्रस्तावनेत एका ओळीत सांगा.

मोडीचं लिप्यंतर आणि तुमचा अर्थ वेगळे ठेवा. कागदात जे आहे ते एका टंकात, तुमची टीप दुसऱ्या टंकात. न लागलेला शब्द अंदाजाने भरू नका, तिथे टिंबं ठेवा. सगळं लागलेलं लिप्यंतर पाहिलं की जाणकार परीक्षकाला उलट शंका येते.

फाँट. जुना मजकूर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये, असेल तर युनिकोडमध्ये आणल्यावर संपूर्ण प्रूफ पुन्हा वाचा. 'ऱ्या' चा 'र्या' होतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. एका हस्तलिखितात 'दऱ्याखोऱ्या' सगळीकडे 'दर्याखोर्या' झाल्या होत्या आणि सह्याद्रीवरच्या प्रकरणाला समुद्राचा वास यायला लागला होता. हे संगणकाने शोधून मिळत नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं.

सावधान: गोठवलेल्या प्रतीच्या फाइलच्या नावात तारीख घाला आणि ती स्वतःलाच ईमेल करून ठेवा. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' अशा तीन फाइलींतली कोणती परीक्षकाकडे गेली, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

## टप्पा ३: परवानग्या, आणि त्याही लेखी

वारशाच्या पुस्तकात सर्वाधिक वेळ इथे जातो. तरी लोक हे काम अर्जानंतरच्या आठवड्यांत उरकू पाहतात.

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून होते. १९६४ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ पासून मोकळं झालं. १९७० साली वारलेल्याचं अजून नाही, मग पुस्तक कितीही जुनं आणि दुर्मीळ असो. ब्रिटिश काळातली जिल्हा गॅझेटियर मोकळी आहेत, पण त्यांच्या अलीकडच्या मराठी अनुवादाचा हक्क वेगळा असतो. मूळ इंग्रजीवरून स्वतः भाषांतर केलंत तर प्रश्न मिटतो.

छायाचित्रांत एक फरक कायम विसरला जातो: फोटो ज्याच्या घरात आहे आणि फोटोचा हक्क ज्याच्याकडे आहे ती माणसं वेगळी असू शकतात. मी स्वतः यात पोळले आहे. एका देवस्थानाच्या पुस्तकासाठी आम्ही एका वाड्यातल्या जुन्या अल्बममधले अकरा फोटो घेतले. थोरल्या काकांनी चहा पाजून, पाठीवर हात ठेवून "खुशाल छापा" म्हटलं. लेखी काही घेतलं नाही. छपाईच्या प्लेट निघाल्यावर त्यांच्या पुतण्याचा फोन आला की अल्बम सामाईक आहे, आमची संमती नाही. सोळा पानांचा आर्टपेपरचा फॉर्म (एकत्र छापला जाणारा पानांचा संच) नव्याने लावावा लागला, त्या प्लेटचे पैसे गेले, आणि काकांशी बोलणं बंद झालं ते वेगळंच.

तेव्हापासून मी अर्ध्या पानाचं संमतीपत्र वापरते. त्यात फोटोचं किंवा कागदाचं वर्णन, कुणाच्या ताब्यात आहे, पुस्तकाचं नाव, छापील आणि ई-आवृत्ती दोन्हींसाठी परवानगी, श्रेयाची ओळ कशी छापायची, सही, तारीख, आणि घरातल्या आणखी एका वारसाची सही. एवढं पुरतं. मराठीत लिहा, वकिली भाषा नको. समोरच्याला वाचून कळलं पाहिजे.

पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था आणि वस्तुसंग्रहालयं यांच्याकडे कागद *वाचण्याची* परवानगी आणि त्याचं चित्र *छापण्याची* परवानगी या वेगळ्या असतात. तुमच्या वहीत टिपून आणलेला मजकूर आणि स्कॅन केलेलं पान यांना एकच नियम लागेल असं धरू नका. दप्तराचा आणि रुमालाचा (कागद बांधून ठेवलेल्या गठ्ठ्याचा) क्रमांक अर्जात लिहा, नाहीतर उत्तरातच तो विचारला जाईल आणि महिना जाईल.

ओव्या, गोंधळाची गाणी, धनगरी ओव्या अशा मौखिक सामग्रीत गाणाऱ्या बाईचं किंवा बुवांचं नाव, गाव आणि ध्वनिमुद्रणाची तारीख द्या. संमती सहीने शक्य नसेल तर ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या आणि ते उत्तर जपून ठेवा. नाव छापायला नको असेल तर तसंही विचारा. काही जणींना नको असतं.

तपासणी: एक साधा तक्ता करा. चित्राचा क्रमांक, कुठून आलं, परवानगी मिळाली का, कागद कोणत्या फायलीत आहे. ज्या ओळीत तिसरा रकाना रिकामा, ते चित्र अर्जासोबतच्या यादीत घालू नका.

## टप्पा ४: पानं मोजा, मग दरपत्रक मागवा

"अंदाजे दोनशे पानं" असं सांगून मागवलेलं दरपत्रक निरुपयोगी असतं.

डेमी आकाराच्या पानावर नेहमीच्या टंकात साधारण ३०० मराठी शब्द बसतात. साठ हजार शब्दांचं हस्तलिखित म्हणजे सुमारे २०० पानं. त्यात अर्धपृष्ठ, श्रेयनामावली, अनुक्रम, प्रस्तावना, संदर्भसूची आणि नामसूची मिळवा. हा आकडा सोळाने भागा, कारण छपाई सोळा पानांच्या फॉर्ममध्ये होते. २०८ पानं म्हणजे बरोबर तेरा फॉर्म. २१४ झाली की चौदावा फॉर्म लागतो, २२४ पानांचा खर्च येतो आणि शेवटी दहा पानं कोरी राहतात. त्या सहा पानांसाठी एक परिशिष्ट बारीक टंकात घेणं शहाणपणाचं. सूची मात्र कापू नका. स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात वाचक आधी स्वतःच्या गावाचं नाव सूचीत शोधतो.

छापखान्याला द्यायच्या कागदावर हे सगळं असू द्या: आकार, पानं, प्रती, आतला कागद (उदाहरणार्थ ७० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा, साधा मॅपलिथो), रंगीत पानं किती आणि कोणत्या कागदावर, मुखपृष्ठ (३०० जीएसएम आर्टकार्ड, मॅट लॅमिनेशन), बांधणी. शिलालेखांचे ठसे आणि वीरगळांचे फोटो असतील तर ती पानं आर्टपेपरवर एकत्र घ्या. मॅपलिथोवर दगडावरची अक्षरं चिखलासारखी दिसतात. बांधणीत शिलाई मागा. नुसत्या गोंदाची पुस्तकं वाचनालयात दोन वर्षांत सुटी होतात.

दरपत्रकं तीन, आणि तिन्ही एकाच कागदाच्या आधारे. एका छापखान्यानेच बाकीची दोन 'आणून' दिली की तिन्हींवर एकच टंक आणि 'लँमीनेशन' ही एकच चूक दिसते. तपासणाऱ्याला हे क्षणात कळतं, त्याने तोंडावर सांगितलं नाही तरी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण छपाईच्या सेवेवर तो लागतो, म्हणून दर करासह की कराविना हे प्रत्येक पत्रकावर लिहून घ्या.

अंदाजपत्रकात अक्षरजुळणी, दोन वेळची मुद्रितशोधनं, नकाशे आणि रेखाटनं, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी, वाहतूक असे वेगळे मथळे करा. 'इतर खर्च' या नावाखाली मोठी रक्कम दिसली की कात्री तिथेच लागते. प्रकाशन समारंभ, हार आणि नारळ यात घालू नका. हसू नका, मी घातलेले पाहिलेत.

सावधान: अनुदान सहसा पूर्ण खर्चाचं नसतं आणि एकरकमी येत नाही. समजा खर्च १,६०,००० रुपये आहे, निम्मा मंजूर झाला, आणि त्यातला अर्धा हप्ता आधी मिळाला. म्हणजे हातात ४०,००० आहेत आणि पुस्तक छापून होईपर्यंत १,२०,००० तुम्हाला उभे करायचे आहेत. हे पैसे कुठून येणार ते आज लिहून ठेवा. प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी हा आपल्याकडचा जुना आणि चांगला मार्ग आहे, पण तो योजनेच्या नियमांत बसतो का हे आधी विचारा.

## टप्पा ५: अर्ज

इथे मी थोडक्यात सांगते, कारण आधीचे चार टप्पे झाले असतील तर अर्ज दोन संध्याकाळी भरून होतो.

विषयाची ओळख दीड पानात लिहा. या पुस्तकात नवीन काय आहे हे पहिल्या परिच्छेदात, आकड्यांसह यायला हवं: किती गावं फिरलात, किती शिलालेख वाचले, त्यांतले किती पूर्वी प्रसिद्ध झालेले नाहीत. 'आपल्या तालुक्याला वैभवशाली परंपरा लाभली आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. ते खोडा आणि त्या जागी तुम्ही मोजलेलं काहीतरी घाला.

संस्थेमार्फत अर्ज असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणीपत्र, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, पॅन, आणि ठरावाची प्रत लागेल असं धरून चला. केंद्राच्या योजनांना एनजीओ दर्पण या संस्था-नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरचा क्रमांकही लागतो. नेहमीचं अडणारं ठिकाण म्हणजे विश्वस्तांची यादी. निवडणूक झालेली असते, पण नव्या विश्वस्तांची नोंद करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे दिलेला बदल अर्ज मंजूर नसतो. कागदावर अजून जुनेच अध्यक्ष असतात आणि त्यांतले एखादे वारलेलेही असतात. सही कुणाची चालेल हे आधी ठरवा.

बँक खात्यावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षरशः एक हवं. खात्यावर 'सार्वजनिक वाचनालय' आणि लेटरहेडवर 'नगर वाचन मंदिर' असेल तर पैसे परत जातात.

तपासणी: संपूर्ण संच विषय न कळणाऱ्या माणसाला द्या आणि सोबतच्या कागदांची यादी त्याच्याकडून जुळवून घ्या. तुम्हाला स्वतःला उणीव दिसणार नाही. पोच घ्या, ऑनलाइन असेल तर पावतीचं पान छापून ठेवा.

## टप्पा ६: मंजुरीपत्र ते छापखाना

मंजुरीपत्र येईपर्यंत छापखान्याला 'लावा' म्हणू नका. तोंडी "तुमचं झालंय समजा" कळलं तरीही नाही. मंजुरीच्या तारखेआधीचं बिल हिशोबात धरलं जाण्याची आशा बाळगू नका.

पत्र आलं की अटी वाचा. अनुदानाचा उल्लेख कोणत्या शब्दांत आणि कोणत्या पानावर छापायचा, बोधचिन्ह वापरायचं की नाही, किंमत किती ठेवता येईल, किती प्रती द्यायच्या, मुदत कधीची. उल्लेखाची ओळ पत्रातूनच उचला, स्वतः सजवू नका. मतांची जबाबदारी लेखकाची, असं वाक्य बहुधा मागितलं जातं. तेही त्याच पानावर घ्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आता मागवा. राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो विनाशुल्क देते, दलालाला पैसे द्यायचं कारण नाही. पुस्तकाचं नाव आणि प्रकाशकाचं नाव मंजुरीपत्रातलंच असू द्या. ई-आवृत्ती काढणार असाल तर तिला वेगळा क्रमांक.

छपाईआधी शेवटचं प्रूफ कागदावर वाचा. विशेषतः चित्रांखालच्या ओळी, कारण चित्रं हलली की ओळी तिथेच राहतात आणि महिषासुरमर्दिनीखाली 'गावची वेस, पूर्वेकडून' छापलं जातं.

## टप्पा ७: प्रती आणि हिशोब

पुस्तक हातात आलं की समारंभाची तारीख ठरवण्याआधी हिशोबाला बसा. सगळी बिलं अर्जदाराच्या नावाने, मंजुरीनंतरच्या तारखेची, पैसे चेकने किंवा बँकेतून दिलेले. रोखीने दिलेल्या मुद्रितशोधकाच्या मानधनाची पावती नंतर तयार करता येत नाही, देतानाच सही घ्या. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला) सनदी लेखापालाकडून दिलेल्या नमुन्यातच भरून घ्या. केंद्राच्या निधीला बहुधा जीएफआर १२-अ हा नमुना लागतो. लेखापाल मार्चअखेरीस कुणालाच सापडत नाहीत, फेब्रुवारीत गाठा.

अनुदान देणाऱ्या संस्थेच्या प्रती वेगळ्या आणि कायद्याने द्यायच्या प्रती वेगळ्या. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. तसंच मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतलं केंद्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक. छोटे प्रकाशक हे सर्रास टाळतात. या चार प्रती प्रेसमधून आल्या दिवशीच पाकिटात घाला, टपालाच्या पावत्या हिशोबाच्या फायलीत लावा.

त्यानंतर शासनमान्य यादीसाठी एक प्रत बाजूला काढा, आणि ज्यांनी कागद दाखवले, ओव्या गायल्या, अल्बम उघडून दिले त्यांच्या घरी प्रत स्वतः नेऊन द्या. गठ्ठा फोडताना या प्रती मोजून वेगळ्या ठेवल्या नाहीत तर समारंभाच्या संध्याकाळी त्या पाहुण्यांच्या हातात जातात.